पाद्री जॉन विल्सन व आमचे मिटलेले दार

गेल्या पंधरवड्यात कामानिमित्त आम्हांस मासवणास जावे लागले. सूर्या नदीच्या काठी पावसाने गाठले म्हणून एका व्यापाऱ्याच्या ओटीवर घटकाभर थांबलो, तो तेथे चारपाच मंडळींचा वाद ऐन रंगात आलेला. जवळच्या कोणा पाड्यावरील एक घर रविवारी ख्रिस्ती प्रार्थनेस बसू लागले, एवढेच वादाचे मूळ. एक गृहस्थ म्हणत होते की ही माणसे तांदळाच्या पोत्यास विकली गेली. दुसऱ्याचे म्हणणे असे की त्यांनी आजवर आपल्या ओटीवर पाय ठेविला तरी आपण पाणी शिंपडीत होतो, तेव्हा ती आता कोठे बसतात याची चौकशी आपण कोणत्या तोंडाने करावी? आम्ही वकील म्हणून आम्हांस कायदा विचारण्यात आला. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने आपापल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे धर्म पाळण्याचा व तो सांगण्याचा हक्क प्रत्येकास आहे, मात्र सांगण्याच्या हक्कात दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्णय दिलेला आहे, हे आम्ही दोन शब्दांत सांगितले. परंतु त्याने कोणाचे समाधान झाले नाही. दुकानदाराचा खरा प्रश्न निराळाच होता. वसईचे ख्रिस्ती आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. मूर्ती, मेणबत्त्या, यात्रा, सारे त्यांच्याकडे आहे. मग मूर्ती नको, पुस्तक घ्या, असे सांगणारा हा दुसरा पंथ आपल्या मुलखात आला कोठून?

सर ओसरली व आम्हांस उठावे लागले. उत्तर अर्धेच राहिले होते, ते येथे पुरे करितो.

जर्मनीतील विटेनबर्ग गावी १५१७ साली मार्टिन ल्यूथर नावाच्या संन्याशाने पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याच्या व्यापाराविरुद्ध पंच्याण्णव कलमे मांडिली, येथून या गोष्टीचा आरंभ होतो. त्याच्यापूर्वीही रोमच्या धर्मगुरूविरुद्ध बोलणारे निघाले होते व ते जाळलेही गेले होते. ल्यूथर तगला याचे कारण एक तर त्यास आश्रय देणारा राजा मिळाला आणि दुसरे म्हणजे तोपर्यंत छापखाने निघाले होते. त्याने १५२२ साली नवा करार व १५३४ पर्यंत सबंध बायबल लोकांच्या जर्मन भाषेत आणिले. ज्या ग्रंथाचा अर्थ सांगण्याचा मक्ता एका वर्गाकडे होता तो ग्रंथ चांभाराच्या व शिंप्याच्या हाती पडला. आमच्या व्यापारी वाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. टिंडेल याने इंग्रजीत केलेला नवा करार १५२६ साली इंग्लंडात शिरला तो सौदागरांच्या कापडाच्या गठ्ठ्यांतून. राजाज्ञेने बंदी असलेला माल व्यापाऱ्यांनी पोचविला. स्वित्झर्लंडमध्ये झ्विंग्ली व पुढे जिनीव्हात कॅल्व्हिन, उत्तरेकडे डेन्मार्क व स्वीडनचे राजे, इंग्लंडात स्वतःच्या लग्नाच्या भानगडीपायी पोपाशी फारकत घेणारा आठवा हेन्री, अशा नाना हेतूंनी नाना लोक या प्रवाहात उतरले. स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स याच्या चळवळीने १५६० साली तेथील पार्लमेंटाने पोपाची सत्ता झुगारून दिली.

हा इतिहास निर्मळ होता असे मात्र कोणी समजू नये. विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा डांगोरा पिटणाऱ्या जिनीव्हाने १५५३ साली सर्व्हेटसला मतभेदासाठी जिवंत जाळिले. १५५५ च्या तहाने जर्मनीत तोड निघाली ती अशी की, राजाचा जो पंथ तोच प्रजेचा. प्रजेला विचारतो कोण? पुढे १६१८ पासून तीस वर्षे त्या देशाची राखरांगोळी झाली. रोमनेही आपले घर सावरले. ट्रेंट येथील धर्मसभेने शिस्त बसविली व जेझुइटांनी समुद्र ओलांडले. त्यांच्यातील फ्रान्सिस झेवियर हा वसईस येऊन गेला. पोर्तुगीजांचे राज्य वसई, केळवे-माहीम, तारापूर या सर्व किनाऱ्यावर १७३९ पर्यंत टिकले. त्या वर्षी चिमाजीआप्पांनी ते मोडिले. तेव्हा वसईचा ख्रिस्ती हा युरोपातील त्या भांडणाच्या एका बाजूकडून आमच्याकडे आला. दुसऱ्या बाजूस यावयास आणखी पाऊणशे वर्षे लागली, आणि ती ज्यांच्या रूपाने या इलाख्यात खऱ्या अर्थाने रुजली ते गृहस्थ म्हणजे डॉ. जॉन विल्सन होत. गिरगाव चौपाटीवरील कॉलेजामुळे त्यांचे नाव प्रत्येकाच्या तोंडी आहे. चरित्र मात्र फार थोड्यांस ठाऊक आहे.

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या लहानशा गावी एका शेतकरी घराण्यात झाला. अशा घरातील मुलगा चौदाव्या वर्षी एडिंबरोच्या विद्यापीठात जातो याचे आश्चर्य वाटेल. परंतु नॉक्सच्या अनुयायांनी प्रत्येक देवळाजवळ शाळा हवी असा आग्रह धरिला होता व १६९६ साली त्या देशाने तसा कायदाही केला होता. ज्या धर्मात प्रत्येकाने ग्रंथ स्वतः वाचावयाचा, त्या धर्मास प्रत्येकास वाचावयास शिकविणे भागच पडते. प्रॉटेस्टंट पंथाने युरोपास जे काही दिले त्यात आमच्या मते हेच देणे पहिल्या प्रतीचे होय. पोपाशी त्यांचे काय भांडण होते याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही.

हिंदुस्थानात मिशनऱ्यांस मोकळीक मिळाली ती १८१३ च्या सनदेने. कंपनीसरकारास धर्मप्रसार मनापासून नको होता. व्यापारात व्यत्यय येईल ही भीती. त्याच वर्षी मुंबईस उतरलेल्या हॉल व नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांस सरकारने प्रथम परत जाण्याचा हुकूम दिला होता. पण त्यांचे मिशन टिकले व १८२६ पर्यंत त्यांनी संपूर्ण नवा करार मराठीत छापून काढिला. स्कॉच मिशनऱ्यांनी १८२३ च्या सुमारास बाणकोट-हर्णैकडे ठाणे दिले होते. विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट यांसह मुंबईस उतरले, ते मराठी शिकण्यास तडक कोकणात गेले आणि वर्ष सरण्याच्या आत मराठीत व्याख्यान देऊ लागले. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, पोर्तुगीज, फारसी, संस्कृत अशा भाषा त्यांनी आत्मसात केल्या. ज्यांस आपल्या धर्माचा पाडाव करावयाचा आहे त्यांचे ग्रंथ त्यांच्याच भाषेत वाचावयाचे, ही त्यांची रीत. आमच्या बाजूच्या किती शास्त्र्यांनी तेव्हा बायबल वाचले होते, हा प्रश्न विचारण्यात लाज वाटते.

तरीही शास्त्रीमंडळी स्वस्थ बसली नाहीत, हे त्यांस भूषणावह आहे. १८३० साली लक्ष्मणशास्त्री यांचा व १८३१ साली मोरभट दांडेकर यांचा मुंबईत जाहीर वाद झाला. दांडेकरांनी आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकात मांडिली, त्यास विल्सन यांनी १८३२ साली पुस्तकरूपाने प्रत्युत्तर दिले. पुढे साताऱ्याचे नारायणराव मैदानात उतरले, तेव्हा १८३४ साली विल्सन यांनी दुसरे पुस्तक काढिले. या पुस्तकांत पुराणांतील कथांवर जी झोड आहे ती एकांगी व पुष्कळ ठिकाणी निष्ठुर आहे. पुराणास जी कसोटी ते लावीत ती आपल्या ग्रंथातील चमत्कारांस ते कधीच लावीत नसत. आणि ज्या राज्याच्या छत्राखाली आपण बोलतो त्या राज्याने या देशाचे काय चालविले आहे, याविषयी त्यांची लेखणी फारशी तीक्ष्ण होत नसे. १८५७ च्या उठावात सरकारच्या हाती लागलेली गुप्त पत्रे वाचून देण्याच्या कामी त्यांच्या भाषाज्ञानाचा उपयोग झाला, हेही आम्ही विसरू शकत नाही. इतके सांगूनही एक गोष्ट उरतेच. धर्माची चर्चा मराठीत, छापील पुस्तकांत व सर्व जातींच्या श्रोत्यांसमोर होण्याची वहिवाट या वादांनी पडली. १८५७ साली विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जो प्रसिद्ध वादविवाद केला, त्याची वाट या शास्त्र्यांनी आधीच मळलेली होती.

मार्गारेटबाईंविषयी चार शब्द अधिक लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण अशा चरित्रांत पतीच्या नावामागे पत्नीचे काम झाकले जाते. मुलींना शिकविणे हा विषय मुंबईत ज्या काळी थट्टेचा होता त्या काळी या बाईंनी मराठी शिकून मुलींच्या शाळा उघडिल्या. घरोघर फिरून मुली गोळा करावयाच्या, आज आलेली उद्या लग्न होऊन नाहीशी व्हावयाची, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ! सहा वर्षांच्या आत, १९ एप्रिल १८३५ रोजी, त्या मुंबईतच वारल्या. त्यांचे काम बंद पडू नये म्हणून त्यांच्या दोघी बहिणी स्कॉटलंडहून येथे आल्या. सेंट कोलंबा या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली मुलींची शाळा याच कामातून उभी राहिली. सावित्रीबाई व जोतीराव फुल्यांनी पुण्यात शाळा काढिली ती १८४८ साली, हे सन लक्षात ठेविले म्हणजे मार्गारेटबाईंच्या कामाची किंमत कळेल.

मुलांसाठी विल्सन यांनी १८३२ साली गिरगावात आंबरोळी येथे इंग्रजी शाळा काढिली. आजचे विल्सन हायस्कूल व कॉलेज ही तिचीच वाढ होय. शाळा भरभराटीस आली होती, इतक्यात १८३९ साली धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोघा पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात हाहाकार उडाला. धनजीभाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. तो विल्सनसाहेबांच्या घरी राहावयास गेला, तेव्हा त्याच्या आप्तांनी सुप्रीम कोर्टात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. मुलगा न्यायाधीशांसमोर उभा करण्यात आला. तो समजत्या वयाचा आहे असे ठरवून कोर्टाने कोठे राहावयाचे ते त्याच्या मर्जीवर सोपविले, आणि तो पाद्र्यांकडे गेला. दुसऱ्याच दिवसापासून शाळेचे बाक ओस पडू लागले. धनजीभाई पुढे पाद्री झाले व दीर्घायुषी होऊन १९०८ साली वारले.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्हांस याहून अधिक विचार करावयास लावणारा खटला चार वर्षांनी झाला. १८४३ साली विल्सन युरोपात गेलेले असता त्यांचे सहकारी नेस्बिट यांनी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणास बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. बापाने कोर्टात धाव घेतली. श्रीपत अज्ञान आहे असे ठरून कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. आमच्या मते निर्णय योग्यच झाला; लहान मुलाच्या आत्म्याचा सौदा बापाच्या पश्चात करण्याचा अधिकार कोणत्याही धर्माच्या उपाध्यायास नाही. पण खरी परीक्षा कोर्टाची नव्हती. मुलगा बापास मिळाला, परंतु बापाच्या जातीस तो नको होता! त्याने पाद्र्यांच्या घरचे अन्न खाल्ले होते. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. एवढ्या अन्नासाठी एका बाळाला जन्मभर बाहेर ठेवावे काय, असा प्रश्न ‘दर्पण’कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढे आणिला व प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे म्हणून कंबर बांधिली. समाजात दोन तट पडले. प्रायश्चित्त देऊ पाहणाऱ्यांवरच बहिष्काराची तलवार उगारण्यात आली. बाळशास्त्री संशोधक, प्राध्यापक, सरकारदरबारी मान्यता पावलेले. त्यांच्यासारख्यास ही गत, तर साधारण माणसाची कथा काय?

येथे आम्हांस स्पष्ट लिहिले पाहिजे. विल्सनसाहेबांच्या हाती पडलेली माणसे संख्येने थोडी होती. जी पडली ती युक्तिवादाने जितकी पडली त्याहून अधिक आमच्या दाराच्या बनावटीमुळे कायमची तिकडची झाली, कारण ते दार बाहेर जाणाऱ्यास उघडे आणि परतणाऱ्यास बंद. नारायण शेषाद्री यांस ज्या समाजाने टाकिले त्यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत स्थापून मांग वगैरे अस्पृश्य मानलेल्या लोकांत आयुष्य घालविले. परमहंस सभेत बसून जातिभेद मोडण्याच्या गोष्टी करणारे बाबा पदमनजी १८५४ साली बेळगावास ख्रिस्ती झाले आणि तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवेची दैना मराठी वाचकांपुढे मांडिली. तेही विल्सन यांच्या शाळेचे विद्यार्थी. ही माणसे आमच्यातून गेली, तरी आमचा विचार सोडून गेली नाहीत.

१८५० चा एकविसावा कायदा याच वादांच्या पोटी जन्मास आला. धर्म सोडला किंवा जातीने वाळीत टाकिले म्हणून कोणाचा वारसा व मिळकतीवरील हक्क बुडणार नाही, एवढेच तो सांगत होता. सनातनी मंडळींनी त्याविरुद्ध अर्ज पाठविले. आम्हांस तो न्याय्य वाटतो. बापाच्या जमिनीचा सातबारा मुलाच्या कपाळावरील गंध पाहून लिहावयाचा नसतो. कायदा परक्या सरकारने केला म्हणून त्यातील न्याय परका ठरत नाही. तो आम्ही आपण होऊन केला नाही, याचीच खंत वाटावी.

विल्सन परदेशी असताना त्यांच्या स्वतःच्या घरातही फाटाफूट झाली. स्कॉटलंडच्या मंडळीत उपाध्याय नेमण्याचा अधिकार जमीनदाराचा की लोकांचा, या वादावरून १८४३ साली साडेचारशेहून अधिक उपाध्यायांनी सरकारमान्य मंडळी सोडून स्वतंत्र मंडळी स्थापिली. पगार, घरे, देवळे यांवर त्यांनी पाणी सोडिले. विल्सन यांनीही तिकडेच मत दिले. त्यामुळे मुंबईतील इमारत, पुस्तके व उपकरणे जुन्या मंडळीच्या ताब्यात गेली आणि बारा वर्षांचे काम पुन्हा उघड्यावर मांडावे लागले. मिसर व पॅलेस्टाइनचा प्रवास आटोपून ते १८४७ साली परतले व हे काम त्यांनी तक्रार न करिता पुनः उभे केले. विरोधकाची ही बाजू आम्हांस मनापासून आवडते. तत्त्वासाठी घर सोडणारा मनुष्य कोणत्याही धर्माचा असो, त्याच्याशी भांडण्यातही प्रतिष्ठा असते.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. उत्तर कोकणच्या जंगलांत हिंडून विल्सन यांनी वारली व कातोडी लोकांची हकीकत लिहिली; ती १८४३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. या लोकांविषयी इतक्या बारकाईने लिहिलेली याहून जुनी हकीकत आमच्या पाहण्यात नाही. वारल्यांशी झालेली प्रश्नोत्तरे त्यात दिली आहेत. तुमचा देव कोणता असे विचारता त्यांनी वाघाचा धनी जो वाघ्या त्याचे नाव सांगितले. त्यास आकार नाही, तो दगड आहे, त्यास शेंदूर व तूप लावितो, कोंबडे-बकरे देतो, नारळ फोडितो, असे ते म्हणाले. जंगलात राहून वाघाशी गाठ असलेल्या माणसाने वाघाच्या धन्याशी सलोखा राखावा, यात आम्हांस तरी हसण्याजोगे काही दिसत नाही. विल्सन यांस ते अर्थातच अज्ञान वाटले. तथापि ते त्या माणसांसमोर बसले, त्यांनी त्यांस बोलू दिले, ते बोलले तसे लिहून घेतले. याच मुलखात आमचे वकील, सावकार, कारकून शतकभर वावरले. त्यांनी वारल्याचा अंगठा हजारो कागदांवर घेतला, पण त्याचे म्हणणे एका कागदावरही लिहून घेतले नाही. मासवणच्या ओटीवरील त्या दुसऱ्या गृहस्थाच्या बोलण्याचा रोख हाच होता, आणि पहिल्या गृहस्थास त्याचे उत्तर देता आले नाही.

विद्वान म्हणून विल्सन यांची योग्यता त्यांच्या प्रतिपक्ष्यांनीही मानिली. १८३५ साली गिरनारास जाऊन तेथील शिलालेखाचे महत्त्व त्यांनी ओळखिले व त्याच्या प्रतिकृती कलकत्त्यास प्रिन्सेप यांजकडे जाण्याची व्यवस्था झाली. त्यांवरून प्रिन्सेप यांनी अशोकाच्या आज्ञा वाचिल्या व त्यांत यवन राजांची नावे ओळखिली. त्याच अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस आमच्या सोपाऱ्यास सापडला. लेण्यांच्या संशोधनासाठी नेमलेल्या मंडळाचे नेतृत्व विल्सन यांनी केले. मुंबई विद्यापीठाच्या आरंभापासून ते त्यात होते व १८६८ साली त्याचे व्हाइस चॅन्सेलर झाले. आफ्रिकेचे प्रवासी लिव्हिंग्स्टन मुंबईस आले तेव्हा त्यांनी बरोबरची आफ्रिकन मुले याच शाळेत शिकावयास ठेविली होती. त्यांपैकी चुमा हा पुढे लिव्हिंग्स्टनचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांतील एक.

१८६९ साली विल्सन यांस हिंदुस्थानात येऊन चाळीस वर्षे झाली. तेव्हा मुंबईच्या सर्व जातींच्या नागरिकांनी त्यांच्या गौरवार्थ निधी जमविला. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी आपली मुले त्यांच्या शाळेतून काढून नेली होती त्या पारशी समाजातील गृहस्थही त्यात होते. तो पैसा विद्यापीठात भाषाशास्त्राच्या व्याख्यानांसाठी लागला. १ डिसेंबर १८७५ रोजी विल्सन मुंबईतच वारले व तेथील स्कॉच दफनभूमीत त्यांस पुरण्यात आले. जातिभेदावर लिहिलेला त्यांचा मोठा ग्रंथ दोन वर्षांनी, १८७७ साली, प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाच्या पहिल्या व्याख्यानमालेस रामकृष्ण गोपाळ भांडारकर उभे राहिले. प्रार्थनासमाजाच्या या आधारस्तंभाने विषय निवडला होता तो संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषांचा, आणि त्या भाषांत आमची मराठीही होती.